पाळी चुकली तर किती दिवस थांबायचं?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववी-दहावीच्या मुलींशी बोलायला गेले होते. नाव घालू नका, अक्षर ओळखू येईल असं वाटत असेल तर डाव्या हातानं लिहा, पण मनात असेल ते विचारा, असं सांगून ऑफिसातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा वर्गात फिरवला. चिठ्ठ्या निघाल्या त्या बहुतेक अपेक्षित होत्या. पोट फार दुखतं, अंगावरून पांढरं जातं, लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का. एक चिठ्ठी मात्र इतक्या बारीक घड्या घालून टाकलेली होती की नखानं उलगडावी लागली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, “मॅडम, चुकली तर किती दिवस थांबायचं?”

काय चुकली ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

सातारा-सांगलीच्या पेपरांत जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. पोटात दुखतंय म्हणून मुलीला दवाखान्यात नेलं आणि तपासणीत ती काही महिन्यांची गरोदर असल्याचं निष्पन्न झालं. वाचणारे दोन दिवस हळहळतात, मोबाईलला शिव्या घालतात आणि पान उलटतात. या बातमीत मला नेहमी ‘काही महिन्यांची’ हा शब्द टोचतो. इतके महिने कुणालाच कसं कळलं नाही? या सगळ्या विषयाची किल्ली तिथंच आहे.

या मुली कोण असतात?

दहा ते एकोणीस या वयाला आरोग्यखातं किशोरवय म्हणतं. या वयात दिवस गेले की ते किशोरवयीन गरोदरपण. बातमी वाचून डोळ्यांसमोर येते ती ‘प्रेमात फसलेली कॉलेजची पोरगी’. आकडे वेगळं सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के जणी त्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८, म्हणजे आपण त्याच्याही पुढे. आणि या मुली बहुतेक करून लग्न झालेल्याच असतात. मांडव घालून, जेवणावळी उठवून, आपण सगळ्यांनी अक्षता टाकलेल्या.

उरलेल्यांमध्ये कुणी खरंच प्रेमात असते, कुणावर जबरदस्ती झालेली असते. जबरदस्ती करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. शेजारचा, नात्यातला, कधी घरातला. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ या शिकवणीचा तिथं काही उपयोग नसतो.

आठवड्यांचं गणित

गरोदरपण डॉक्टर महिन्यांत मोजत नाहीत, आठवड्यांत मोजतात. आणि मोजायला सुरुवात करतात ती संबंध आला त्या दिवसापासून नव्हे, तर शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसापासून. इथं शिकलीसवरली माणसंही गोंधळतात.

समजा, एखाद्या मुलीची शेवटची पाळी १ जूनला आली. साधारण १४-१५ जूनला बीज बाहेर पडतं. ते जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे ‘एकदाच झालं, त्यानं काय होतंय’ याला अर्थ नाही. २९ जूनला पाळी यायला हवी होती, ती आली नाही. मुलगी म्हणते, आजच तर चुकली. डॉक्टरांच्या वहीत त्या दिवशी चार आठवडे पूर्ण झालेले असतात.

तिनं महिनाभर वाट पाहिली. बेंदूर झाला, नागपंचमी आली, सहामाहीचा अभ्यास सुरू झाला. गणपतीत आईला शंका आली, पण पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. १९ ऑक्टोबरला वीस आठवडे भरले, १६ नोव्हेंबरला चोवीस. ‘दिवाळी होऊ दे, मग दाखवू’ म्हणेपर्यंत कायद्यातले दोन्ही टप्पे संपत आले. ते टप्पे कोणते, ते पुढे येईल. सध्या एवढंच पाहा, की जूनमध्ये या मुलीपुढे चार वाटा होत्या आणि दिवाळीनंतर एखादीच उरली. मधल्या काळात नवीन काही घडलं नव्हतं, फक्त दिवस गेले. मराठीत गरोदर राहण्यालाही ‘दिवस गेले’ असंच म्हणतात, हा भाषेचा योगायोग मला कधीकधी फार क्रूर वाटतो.

मग तिला स्वतःला कसं कळत नाही?

पहिली पाळी आल्यानंतर वर्ष-दोन वर्षं ती मागेपुढे होतच असते. दीड महिना आलीच नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा आली, हे त्या वयात नेहमीचं. त्यामुळे चुकली तरी मुलीला आणि आईला ‘येईल’ असंच वाटतं. गरोदरपणात सुरुवातीला कधी थोडं रक्त जातं, ती पाळीच समजली जाते. मळमळीचं खापर पित्तावर फुटतं. काही मुलींमध्ये तर पहिल्या पाळीच्या आधीच बीज तयार झालेलं असतं. म्हणजे एकदाही पाळी न आलेल्या मुलीला दिवस जाऊ शकतात. हे सांगितल्यावर वर्गातल्या मुलींपेक्षा मागे बसलेल्या बाईंचाच चेहरा उतरलेला मी पाहिलाय.

आणि कळलं तरी ती बोलणार कशी? आपल्याकडे याला शब्द कमी नव्हते. न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली, कावळा शिवला, बाजूला बसली, दिवस राहिले, पोटुशी आहे. एवढे शब्द, पण ते सगळे बायकांनी मुलीबद्दल आपसात बोलायचे. मुलीनं स्वतः वापरावा असा त्यात एकही नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा धडा आहे. पाळीचं चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे, अगदी भाडोत्री मातृत्वसुद्धा आहे. पण ‘हा घरी वाचून घ्या’ म्हणून तो धडा किती वर्गांत पुढे ढकलला जातो, हे ज्यानं त्यानं आपली दहावी आठवून सांगावं. उसन्या गर्भाशयाची माहिती छापलेलं पुस्तक दप्तरात आणि स्वतःची पाळी चुकली हे सांगायला तोंडात शब्द नाही.

दोन गोळ्यांचा घोळ

मेडिकलमधून गुपचूप आणायच्या गोळीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. ‘७२ तासवाली’ गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. संबंधानंतर जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी, ७२ तासांच्या आत. दिवस राहिलेले असतील तर तिचा काही उपयोग नाही, तिनं गर्भ पडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या निराळ्या. त्या कायद्यानं नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. ओळखीनं आणून घरात घेतल्या तर गर्भ अर्धवट पडू शकतो आणि रक्तस्राव थांबत नाही. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर जिवावर बेतलंच.

पहिल्या वर्षी वेलीला घड धरतात का?

तासगावात कुणाही द्राक्षबागायतदाराला विचारा. रानरोप लावायचं, त्यावर कलम भरायचं, वेल मांडवावर चढवायचा, ओलांडे तयार करायचे. पहिलं वर्ष सांगाडा उभा करण्यातच जातं. तेव्हाच घड धरले तर घडही धड भरत नाहीत आणि वेलही कायमचा खचतो. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतानाही शेतकरी ते वर्ष कळ काढतो. आरोग्यखात्याच्या एका आशाताईंनी याहून रोखठोक सांगितलं होतं, “कालवड भरवायची तर आधी तिचं वजन बघत्यात. पोरीच्या वेळी फक्त पत्रिका बघत्यात.” तुलना कानाला बरी लागत नाही. पण ती ऐकून बसलेल्यांपैकी कुणी वाद घातला नाही.

पाळी सुरू झाली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झालं, असं नाही. कमरेच्या हाडांचं कडं, ज्यातून बाळ बाहेर येतं, ते पाळी आल्यानंतरही काही वर्षं रुंदावत असतं. मुलीची स्वतःची उंची, हाडं, रक्त अजून घडत असतं. पोटात बाळ वाढू लागलं की एकाच ताटात दोन वाढती पोरं जेवायला बसल्यासारखं होतं. ताट मुळातच अपुरं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शाळेत आठवड्यातून एकदा मिळते ती निळी लोहाची गोळी याचसाठी आहे, आणि पोरी तीच कंपासपेटीत लपवतात.

वीस-चोवीस वयाच्या आईपेक्षा या मुलींना झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं, याचा धोका जास्त असतो. बाळ दिवस भरायच्या आधी येणं, वजन अडीच किलोच्या आत भरणं, हेही जास्त. एवढं सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, “आमच्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं, अकरा बाळंतपणं झाली, नव्वदीपर्यंत खणखणीत होती.” त्यांना मी विचारते, अकरापैकी जगली किती? मग घरातली म्हातारी माणसं बोटं मोजायला लागतात. शिवाय आपल्याला गोष्टी सांगायला उरली ती आजी. पहिल्या बाळंतपणात गेली त्या आजीच्या थोरल्या बहिणीचा घरात फोटोसुद्धा नसतो.

डॉक्टर पोलिसांना कळवणार, मग जायचं कशाला?

हा प्रश्न आयांचा असतो आणि तो रास्त आहे. उशीर होण्याचं सगळ्यांत मोठं कारणही हीच भीती.

२०१२ चा एक कायदा आहे, पॉक्सो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक. मुलीची ‘संमती होती’ याला कायद्यात किंमत नाही, मुलगाही सतराचा असला तरी नाही. आणि ज्याला असा गुन्हा कळला त्यानं तो पोलिसांना कळवायचाच, डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. न कळवणं हाच गुन्हा. म्हणजे दवाखान्याची पायरी चढली की पोलीस आलेच, असं लोकांना वाटतं. मग आडगावातली सुईण गाठायची, नाहीतर परजिल्ह्यात नेऊन वय वाढवून सांगायचं.

दुसरा कायदा गर्भपाताचा, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मतानं, पण तो ठरावीक स्त्रियांनाच. त्यात अल्पवयीन मुली येतात. अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. चोवीसच्या पुढे गेलं की अशा प्रकरणांत बहुधा उच्च न्यायालयाचंच दार ठोठवावं लागतं. आपल्याकडच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, सातारा आणि सांगली त्याच्याच कक्षेत येतात.

हे दोन कायदे एकमेकांच्या पायात पाय घालत होते. एक म्हणतो ये, दुसरा म्हणतो आलीस तर नाव कळवीन. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती गाठ बरीच सैल केली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव, ओळख उघड करायची गरज नाही, असं न्यायालयानं सांगितलं. कळवणं टळत नाही, पण नाव झाकता येतं. हे किती जणांना माहीत आहे? मी जिथं जिथं सांगितलं तिथं बहुतेक बायकांना नवीन होतं.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावची एक मुलगी नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली. पुढे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं १८६३ मध्ये गरोदर विधवांसाठी घर उघडलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल इथं ठेवायचं की बरोबर न्यायचं ते तुम्ही ठरवा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह ते हेच. अडलेल्या बाईला आधी आडोसा द्यायचा, जाब नंतर विचारायचा, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. न्यायालयापर्यंत ते पोचायला १५९ वर्षं लागली.

मूल जन्माला आलं आणि सांभाळणं शक्य नसेल, तर ते उकिरड्यावर किंवा उसाच्या फडात टाकावं लागत नाही. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, आणि मन बदललं तर साठ दिवसांत परतही मागता येतं. अत्याचार झालेल्या मुलीवर कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार मोफत करायचे असतात. राज्याची मनोधैर्य योजना अर्थसाहाय्य देते. आणि मुलीची शाळा सुटली तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येतं.

लग्न लावून दिलं की प्रश्न मिटला?

‘पोरगी उजवली की जबाबदारी संपली’ हा हिशेब नुसता अडाणीपणाचा नाही, त्यात पैशाचं गणित आहे. जत, आटपाडी, माण या टापूत ज्यांचं पोट ऊसतोडीवर आहे त्यांना विचारा. फडावर मजूर मोजतात ‘कोयत्या’त. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळतात ते जोडीला. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. मुलीकडच्यांना वाटतं, आपण सहा महिने कारखान्यावर असताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग हंगामाच्या तोंडावर साखरपुडा ठरतो आणि साखरपुड्यातच लग्न उरकतं. पोर सासरच्या माणसांबरोबर दुसऱ्याच फडावर जाते. दिवस गेले तरी मोळी चुकत नाही. या माणसांना नुसतं ‘बालविवाह करू नका’ सांगणारे बोर्ड लावून काय होणार? तिथं मुलींसाठी वसतिगृह लागतं.

कायद्याचं म्हणाल तर लग्नानं काहीच झाकलं जात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच ठरवला आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. बालविवाह लावणाऱ्याला, लावू देणाऱ्या आईबापाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. गंमत अशी की पत्रिकेत ‘आपले नम्र’ खाली कधीकधी त्याचंही नाव असतं.

मग ही सोळा वर्षांची सून बाळंतपणाला येते तेव्हा केसपेपरच्या खिडकीत आधार कार्ड मागतात. जन्मतारीख दिसते. नवरा गुन्ह्यात अडकेल म्हणून सासू तिला घेऊन परत फिरते. इथंही घात करतो तो उशीरच.

शिकवलं तर पोरं बिघडतील ना?

हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मासिक चालवलं, तेव्हा त्यांना कोर्टात खेचलं गेलं ते याच कारणानं. २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून राज्यात असा गदारोळ झाला की सरकारनं ते थांबवलंच. आता वारं थोडं फिरलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात, हे शिक्षण पाश्चात्त्य आहे आणि त्यानं मुलं बेताल होतात हा समज चुकीचा असल्याचं सांगून केंद्र सरकारला याचा विचार करायला सुचवलं.

युनेस्कोनं २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले. नीट शिकवलं तर मुलं लवकर संबंधांकडे वळतात, असं आढळलं नाही. उलट पहिला संबंध लांबतो आणि ठेवलाच तर काळजी घेतली जाते. नुसतं ‘लग्नाआधी नाही’ एवढंच बजावणारे वर्ग मात्र निरुपयोगी ठरले. हे पटायला अभ्यासाचीही गरज नाही. विहिरीत पोहायला शिकवताना आपण पाठीला डबा बांधतो. त्यानं पोरगं बुडायला शिकतं, असं कुणी म्हणत नाही.

आणि प्रश्न शिकवायचं की नाही हा उरलेलाच नाही. सातवीतला पोरगा उसाच्या बांधावर बसून मोबाईलवर जे बघतो तेच त्याचं शिक्षण आहे. त्यात मुलीचा नकार कधीच दाखवलेला नसतो. आपण बोललो नाही तर तेवढंच त्याच्याजवळ राहतं. म्हणून मुलींना हॉलमध्ये बसवून मुलग्यांना कबड्डीला सोडतात तेव्हा मी मुख्याध्यापकांशी भांडते. दिवस मुलीला जातात, पण एकटीमुळे जात नाहीत.

हे घरीच सांगावं, शाळेनं कशाला, असंही म्हणतात. घरी सांगत असाल तर फार उत्तम. मात्र ज्या घरात अत्याचार करणाराच घरातला आहे, तिथल्या मुलीनं कुठं शिकायचं?

त्या चिठ्ठीचं उत्तर

वर्गात दिलं ते असं. पाळी एरवी वेळेवर येत असेल तर आठ दिवस थांब, नवव्या दिवशी चाचणी कर. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट फुकट असतं. सकाळची पहिली लघवी, दोन-तीन थेंब, पाच मिनिटं. पाळी आधीपासूनच मागेपुढे असेल तर संबंध आला त्या दिवसापासून तीन आठवडे मोज. ‘नाही’ आलं आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा कर. कुणी जबरदस्ती केली असेल तर एक दिवससुद्धा थांबू नको, अंघोळ न करता, कपडे न धुता तसंच सिव्हिल गाठ. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, १०९८ वर फोन कधीही लागतो. आणि चाचणी ‘हो’ आली तर त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांग.

“कुणाला?” मागून आवाज आला.

म्हटलं, तेच लिहा. असं झालं तर ज्याला सांगाल अशा एका मोठ्या माणसाचं नाव. नाव नको असेल तर नातं लिहा. डबा पुन्हा फिरवला. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. काहींवर आई होतं, काहींवर मोठी ताई, दोघींनी शाळेतल्या शिपाई मावशींचं नाव लिहिलं होतं. तशीच बारीक घडी घातलेली एक चिठ्ठी तळाशी होती, पेन्सिलीतली.

“आत्याला. पण ती इचलकरंजीला असते आणि फोन पप्पांजवळ असतो.”